वाटेतली बेटं

1883 सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. हिंदी महासागरात मॉरिशसच्या पूर्वेला रॉड्रिग्ज नावाचं एक लहानसं बेट आहे. 26 तारखेच्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही तिथल्या लोकांना पूर्वेकडून तोफांचे बार ऐकू येत होते. बेटाचे पोलीसप्रमुख जेम्स वॉलिस यांनी तशी रीतसर नोंद केली. कुठलं तरी जहाज अडचणीत सापडलं असावं आणि मदतीसाठी बार काढत असावं, असा तर्क अशा वेळी कुणीही केला असता. समुद्रात जहाज मात्र दिसेना. बंदरातलं पाणी भरती-ओहोटीचं वेळापत्रक सोडून भलत्या वेळी चढत-उतरत होतं, तेही का ते कळेना.

तो आवाज तोफांचा नव्हताच. जवळजवळ 4,800 किलोमीटरवर, जावा आणि सुमात्रा यांच्या मधल्या सामुद्रधुनीत क्राकाटोआ ज्वालामुखी फुटत होता. एवढं अंतर तोडायला ध्वनीला चार तास लागले. एका जागी झालेला आवाज इतक्या लांब नुसत्या कानांनी ऐकू आल्याचं दुसरं उदाहरण इतिहासात नाही.

त्याच वेळी बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, एक तार सिंगापूरमार्गे लंडनकडे निघाली होती. दोन दिवसांच्या आत लंडनकर सकाळच्या पेपरात क्राकाटोआचं नाव वाचत होते. त्यांच्यापर्यंत आवाज गेला नव्हता, बातमी गेली होती. रॉड्रिग्जकरांनी आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला, पण तो कशाचा हे कळायला त्यांना पुढच्या जहाजाची वाट पाहावी लागली. आणि त्या बेटावर जहाज काही रोज येत नसे.

रॉड्रिग्जला समुद्रतार पोचली ती 1901 मध्ये. ती का पोचली, याचं उत्तर रॉड्रिग्जवर शोधून सापडणार नाही. ते शोधायचं तर आधी तारेचं शरीर पाहावं लागेल.

समुद्रतार म्हणजे मधोमध तांब्याची तार आणि तिच्याभोवती गटापर्चाचं कवच. गटापर्चा हा मलायातल्या एका झाडाचा चीक. गरम पाण्यात घातला की मऊ होतो, थंड झाला की घट्ट बसतो, आणि रबर समुद्रात जसं कुजतं तसा हा कुजत नाही. खोल समुद्रातला काळोख, थंडी आणि दाब तर त्याला मानवतोच. हा चीक काढण्यासाठी झाड नुसतं टोचत नसत, आडवंच करत. एका झाडातून निघणार थोडासा चीक आणि तारा तर हजारो मैल लांब. मग मलाया, सुमात्रा, बोर्निओच्या जंगलांत लाखो झाडं पडली. जगातली बेटं एकमेकांना जोडली गेली ती अशी दुसऱ्या काही बेटांवरची जंगलं उजाड करून.

गटापर्चावर तागाचा थर, त्यावर पोलादी तारांचं चिलखत आणि वरून डांबर. खोल समुद्रातली तार अंगठ्याएवढी जाड असली तरी भागे, कारण तळाशी तिला छेडायला कुणी नसे. तिचे खरे शत्रू किनाऱ्याजवळ: लाटा, प्रवाळाच्या धारदार कडा, जहाजांचे नांगर आणि कवच पोखरणारे किडे. म्हणून किनाऱ्याकडचं टोक मनगटाएवढं जाड करत. हे टोक काठाला आणायची रीत बघण्यासारखी होती. तार घेऊन आलेलं जहाज उथळ पाण्याच्या बाहेर उभं राही. तिथून तार सोडायची आणि ठरावीक अंतरावर तिला रिकामी पिंपं बांधत जायचं. पिंपांवर तरंगणारी ती लांबलचक काळी माळ मग काठावरची माणसं रथ ओढावा तशी दोराने ओढून घेत. टोक काठावर खणलेल्या खंदकात पोचलं की होडीतून जाऊन एकेका पिंपाची दोरी कापायची आणि तार बुडवायची. एवढं झालं की बेट जगाला जोडलं गेलं.

पण या तारेला एक दुखणं होतं. जमिनीवरच्या तारेत सगळं कसं ठणठणीत: बटण दाबलं की पलीकडे कडकट्ट. समुद्रातली तार आतून तांब्याची, मध्ये गटापर्चा आणि बाहेर खारं पाणी. म्हणजे ती नुसती तार राहत नाही, विजेची लांबच लांब साठवण होऊन बसते. एका टोकाला दिलेला टोकदार ठोका दुसऱ्या टोकाला निघेपर्यंत पसरून, पातळ होऊन जातो, आणि ठोके घाईने दिले तर एकमेकांत मिसळतात. विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिन यांनी, याचं गणित मांडलं: तशीच तार दुप्पट लांब केली तर संदेशाचा वेग निम्मा होत नाही, चौथाईवर येतो. जोर लावून हे सुटत नाही. 1858 च्या पहिल्या अटलांटिक तारेवर व्हाइटहाउस नावाच्या तज्ज्ञाने सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब देऊन पाहिला. आधीच अधू असलेली ती तार काही आठवड्यांतच कायमची गप्प झाली.

मग उपाय काय? लांब तारेचे तुकडे पाडायचे. समुद्राच्या मधोमध कुठेतरी जमिनीचा ठिपका शोधायचा, तार तिथे बाहेर काढायची, आलेला संदेश वाचायचा आणि पुढच्या तारेवर नव्याने, ताज्या जोराने पाठवायचा. पूर्वी डाकेच्या वाटेवर चौक्या असत. दमलेला घोडा तिथे सोडून ताजा घोडा घेत. महासागरातल्या या चौक्या म्हणजे बेटं. तिथे राहतं कोण, पिकतं काय, त्यांना तार हवी आहे का, हे प्रश्न नंतरचे. कित्येकदा ते विचारलेच गेले नाहीत.

मुंबईचं तसं नव्हतं. मुंबई हे मुक्कामाचं ठिकाण होतं. 1870 च्या आरंभी 'ग्रेट ईस्टर्न' हे अवाढव्य जहाज पोटात तार भरून मुंबईला आलं. उष्णतेने तारेचं कवच मऊ पडू नये म्हणून त्याला पांढरा रंग दिलेला होता. तिथून एडनपर्यंत तार टाकली गेली आणि त्याच वर्षी मुंबई लंडनला पाण्याखालून जोडली गेली. कापूस, अफू, सरकारी कारभार हे सगळं असलेल्या शहराला तार लवकर मिळणारच.

मॉरिशसचा नंबर लागायला 1893 उजाडलं. खरं म्हणजे 1879 मध्येच एडनहून झांझिबारमार्गे दरबानपर्यंत तार गेलेली होती, पण ती आफ्रिकेच्या काठाकाठाने. मॉरिशस बाजूला राहिलं. 29 एप्रिल 1892 रोजी तिथे भयंकर चक्रीवादळ झालं. पोर्ट लुईसचा मोठा भाग भुईसपाट झाला, हजाराहून अधिक माणसं मेली आणि ही बातमीसुद्धा जहाजाने बाहेर न्यावी लागली. पुढच्याच वर्षी झांझिबार–सेशेल्स–मॉरिशस अशी तार आली, सरकारी अनुदानाच्या टेकूवर. वादळामुळे तार आली असं म्हणायचा मोह होतो, पण तारेचे बेत असे वर्षभरात शिजत नसतात. मागे आरमाराची गरज होती आणि साखरेचा व्यापार होता.

साखरेशी आपलाही संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉरिशसच्या साखरेचं मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थान होतं. ती पांढरी साखर मुंबई बंदरात उतरे आणि तिला मराठीत आणि गुजरातीत नावच पडलं 'मोरस'. ती पिकवणाऱ्या मजुरांत आपल्या कोकणातून गिरमिटावर गेलेली माणसंही होती. मुंबई बंदरातून निघालेल्या त्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये आहेत आणि गणपती बसवतात. तार आली म्हणून या मजुरांना काय मिळालं? त्या काळी लांबच्या तारेला एका शब्दामागे काही शिलिंग पडत. गिरमिटाच्या करारातला महिन्याचा पगार पाच रुपयांपासून सुरू होई. रत्नागिरीला 'आई गेली, तू ये' एवढं पाठवायचं तरी पगार बुडाला असता. मजूर पत्रच लिहीत, किंवा लिहिणाऱ्याकडून लिहून घेत, आणि ते जहाजाने महिनोन् महिने फिरत जाई. तार होती साखरेच्या भावासाठी. तीही काटकसरीने, कारण व्यापारी छापील सांकेतिक कोश बाळगत. त्यातल्या एका विचित्र शब्दाचा अर्थ पूर्ण वाक्याएवढा असे: 'अमुक भावाला विकू नका, पुढच्या जहाजाची वाट पाहा.' पैसे मात्र एका शब्दाचे.

सेंट हेलेना बेटाची कथा आणखी बोलकी आहे. दक्षिण अटलांटिकमधल्या या बेटावर 5 मे 1821 रोजी नेपोलियन मेला. ही बातमी लंडनला पोचली 4 जुलैला. अख्ख्या युरोपला हादरवणारा माणूस मरून साठ दिवस झाले होते आणि युरोपला त्याचा पत्ता नव्हता. पुढची 78 वर्षं या बेटाला तार द्यावी असं कुणालाही वाटलं नाही. मग ऑक्टोबर 1899 मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं. केपटाउनशी बोलायला ब्रिटिशांना परक्यांच्या जमिनीला न शिवणारा मार्ग तातडीने हवा झाला आणि त्याच वर्षअखेर केपटाउनहून सेंट हेलेना, तिथून असेन्शन अशी तार पडली. पाठोपाठ 1900 च्या एप्रिलमध्ये जहाजं भरून बोअर युद्धकैदी बेटावर आले. ओसाड जागी तार आली की समजावं, कुणाचं तरी युद्ध जवळ आलंय.

परक्या जमिनीला न शिवणारा मार्ग हे त्या काळचं ब्रिटिश वेड होतं. नकाशात साम्राज्य लाल रंगात दाखवत, म्हणून अशा मार्गाला 'ऑल रेड लाइन' म्हणत. 1901 मध्ये याच हट्टापायी हिंदी महासागरात एक आडवी रेघ ओढली गेली: दरबान, मॉरिशस, रॉड्रिग्ज, कोकोस, पर्थ. पुढच्याच वर्षी पॅसिफिकमध्ये कॅनडा ते ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. त्यातला कॅनडाच्या किनाऱ्यापासून फॅनिंग बेटापर्यंतचा एकच सलग तुकडा सुमारे साडेतीन हजार सागरी मैलांचा होता. मध्ये टेकायला एकही ब्रिटिश बेट नाही, म्हणून तेवढा लांब. एवढी तार एका खेपेत नेता यावी म्हणून 'कोलोनिया' नावाचं जहाज मुद्दाम बांधावं लागलं. अमेरिकनांनी 1903 मध्ये स्वतःची तार टाकली. त्यांच्या वाट्याला मिडवे आलं, नुसती वाळू आणि समुद्रपक्षी. तारवाल्यांनी तिथे जहाजातून माती नेली, झाडं लावली, भाजीचे वाफे केले. कुणीतरी पिंजऱ्यातल्या पिवळ्या कॅनरी चिमण्याही नेऊन सोडल्या. तार बंद पडून जमाना झाला, कॅनरी अजून आहेत.

मला या सगळ्यांत कोकोसबद्दल सांगायची जास्त हौस आहे.

कोकोस, किंवा कीलिंग बेटं, म्हणजे प्रवाळाची कंकणं. सगळी मिळून चौदा चौरस किलोमीटर जमीन, समुद्रापासून जेमतेम चार-पाच मीटर उंच. 1836 मध्ये डार्विन 'बीगल' जहाजातून इथे उतरला होता. प्रवाळद्वीपं कशी घडतात हा त्याचा सिद्धांत पक्का करायला ही भेट उपयोगी पडली. बेटांवर राज्य क्लनीज-रॉस नावाच्या एका स्कॉटिश घराण्याचं. नारळाच्या बागा त्यांच्या, मलाय मजूर त्यांचे, दुकान त्यांचं, आणि चलनही त्यांचंच. मजुरी मिळे ती घराण्याच्या टोकनांत, आणि ती टोकनं चालत फक्त घराण्याच्या दुकानात. 1886 मध्ये व्हिक्टोरिया राणीने बेटं या घराण्याच्या नावे लिहूनच दिली.

अशा या खासगी राज्यातल्या डायरेक्शन नावाच्या बेटावर 1901 मध्ये तारकचेरी उघडली. पश्चिमेला रॉड्रिग्ज साडेतीन हजार किलोमीटरहून लांब, आग्नेयेला पर्थ तीन हजारांच्या घरात. पुढे तिसरी तार बटाव्हियाकडे गेली. कारकून सगळे तरुण. तारकंपनीने त्यांना कॉर्नवॉलमधल्या पोर्थकर्नो इथे तयार करून पाठवलेलं.

त्यांच्या टेबलावरचं यंत्र हे या साऱ्या उद्योगातलं सर्वांत नाजूक काम होतं. थॉमसननेच ते बनवलं होतं. केसासारखी बारीक काचेची नळी, तिचं एक टोक शाईत, दुसरं कागदाच्या सरकत्या फितीवर. हजारो मैलांवरून येणारा प्रवाह इतका क्षीण की लोखंडी पट्टी हलवून कडकट्ट करायची त्याची ताकद नाही. काचेची नळी तेवढी तो इकडे-तिकडे डुलवू शकतो. फितीवर उमटे एक थरथरती निळी रेघ. रेघ वर गेली तर टिंब, खाली गेली तर डॅश. अननुभवी माणसाला ती लहान मुलाने काढलेल्या लाटांसारखी दिसेल. कारकून डाव्या हाताने फीत सरकवत ती वाचत असे आणि उजव्या हाताने पुढच्या तारेवर ठोकत असे. गव्हाचे भाव, क्रिकेटचे धावफलक, राजघराण्यातली बाळंतपणं, दिवाळखोरी, कुणाच्या तरी मुलाचा मृत्यू: दोन खंडांचं बोलणं त्याच्या बोटांखालून जाई. त्यातलं त्याला उद्देशून काहीच नसे. पलीकडच्या बेटावर खोबरं वाळवणाऱ्या मलाय मजुरांना तर त्या खोलीत काय चालतं याची कल्पना असण्याचंही कारण नव्हतं.

असल्या आडजागेचं महत्त्व शत्रूला बरोबर कळतं. ऑगस्ट 1914 मध्ये ब्रिटन महायुद्धात उतरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ब्रिटिशांनी जर्मनीच्या समुद्रतारा कापायला घेतल्या. जर्मनांनी सप्टेंबरमध्ये फॅनिंग बेटावर उतरून हिशेब चुकता करायला सुरुवात केली. हिंदी महासागरात तेव्हा 'एम्डेन' ही जर्मन क्रूझर धुमाकूळ घालत होती. 22 सप्टेंबरला तिने मद्रासच्या तेलटाक्या पेटवल्या. तमिळमध्ये भारी, खटपट्या माणसाला आजही 'एम्डन' म्हणतात. 9 नोव्हेंबरच्या पहाटे ती कोकोसला येऊन ठेपली.

तिने चौथं खोटं धुराडं उभारून ब्रिटिश जहाजाचं सोंग घेतलं होतं. तारकचेरीतल्यांना संशय आला. 'बंदरात अनोळखी जहाज' असा संदेश त्यांनी तारेवरून आणि बिनतारी यंत्रावरून सोडून दिला. एवढ्यात लेफ्टनंट हेलमुट फॉन म्यूके पन्नास माणसं घेऊन काठाला लागला. पुढचा प्रसंग युद्धापेक्षा शेजाऱ्यांतल्या तंट्यासारखा आहे. जर्मनांना बिनतारी यंत्रणेचा उंच खांब पाडायचा होता. आमच्या टेनिसकोर्टावर तेवढा पाडू नका, अशी कारकुनांनी विनंती केली. जर्मनांनी ती मान्य करून खांब दुसरीकडे पाडला. म्यूकेने पुढे लिहून ठेवलंय की, तारकचेरीच्या प्रमुखाने त्याचं अभिनंदनसुद्धा केलं. कशाबद्दल? 'एम्डेन'च्या लोकांना आयर्न क्रॉस जाहीर झाल्याबद्दल. रॉयटरच्या तारेने ही बातमी कोकोसला येऊन पडली होती. ज्यांचा सन्मान झाला ते समुद्रात भटकत असल्याने त्यांनाच ठाऊक नव्हती.

मग तारा कापायचं काम. तार म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर वायर येते. इथे होतं मनगटाएवढं पोलादी चिलखत, तेही पाण्याखाली. होडीतून हुकाने ते वर उचलायचं आणि कुऱ्हाडी-छिन्नींनी तोडत बसायचं. घामाघूम होऊन जर्मनांनी पर्थची तार तोडली. आणखी एक तोडली ती खोटी निघाली, कारकुनांनी अशाच पाहुण्यांसाठी टाकून ठेवलेली. एवढ्यात 'एम्डेन'ने भोंगा वाजवला आणि या पन्नास जणांना तिथेच सोडून ती निघाली. पहाटेचा तो संदेश जवळून चाललेल्या सैनिकी ताफ्याने पकडला होता आणि ऑस्ट्रेलियाची 'सिडनी' ही युद्धनौका येऊन पोचली होती. कारकून छपरावर चढून लढाई बघत बसले. 'एम्डेन' उत्तर कीलिंगच्या प्रवाळावर चढून संपली. तिच्यावरची सव्वाशेहून अधिक माणसं मेली. म्यूकेने क्लनीज-रॉसची 'आयेशा' ही जुनी शिडाची नौका पळवली आणि अरबस्तानमार्गे कॉन्स्टॅन्टिनोपल गाठलं. ती स्वतंत्र कादंबरी आहे. इकडे कारकुनांनी आधीच पुरून ठेवलेली जादा यंत्रं उकरून काढली आणि लवकरच तारकचेरी पुन्हा बोलू लागली.

रॉड्रिग्जचं काय झालं, ते राहिलंच. त्या बेटाला तारेचा एक खरा लाभ झाला, कुणी मुद्दाम न योजलेला. मॉरिशसवर येणारी चक्रीवादळं बहुतेक पूर्व-ईशान्येकडून येतात, म्हणजे रॉड्रिग्जच्या अंगावरून किंवा आसपासून. रॉड्रिग्जचा वायुभारमापक घसरू लागला की तिथून मॉरिशसच्या वेधशाळेला तार जाऊ लागली, आणि पोर्ट लुईसच्या बंदरातल्या जहाजांना दोर आवळायला काही तास मिळू लागले. 1883 मध्ये ज्या बेटाला स्वतःच ऐकलेल्या आवाजाचा अर्थ कळला नव्हता, ते आता दुसऱ्यांना आगाऊ सूचना देत होतं.

कोकोसची तारकचेरी 1966 पर्यंत चालली. तोवर कारकुनांच्या कित्येक पिढ्या तिथे येऊन गेल्या. लंडनच्या शेअरबाजारात काय घडलं ते त्यांना काही मिनिटांत कळे. घरची पत्रं मात्र वेगळ्या वाटेने येत. कोलंबो ते फ्रीमँटल जाणारी मोठी प्रवासी जहाजं बेटाजवळून जात, पण प्रवाळामुळे थांबत नसत. अशा जहाजाची वेळ झाली की तारवाले जुकोंग ही स्थानिक शिडाची होडी घेऊन बाहेर समुद्रात जाऊन थांबत. जहाज वेग कमी करी, कठड्याशी प्रवासी गोळा होत आणि खलाशी एक बंद पिंप पाण्यात सोडून देत. त्यात टपाल असे, मासिकं असत, कधी ताजं मांस, फळं. होडीतली माणसं लाटांवर हेलकावणाऱ्या त्या पिंपाला आकडी घालून ते ओढून घेत, स्वतःची पत्रं भरलेला डबा जहाजाला देत आणि परत फिरत. आईचं पत्र महिन्या-दीड महिन्यापूर्वीचं असे.